शिकलेले लेकरू आणि बापाचा आयकर

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या कचेरीत आयकराचे कागद फिरू लागतात. वर्षभरात कोणी किती विमा भरला, भविष्य निर्वाह निधीत किती टाकले, मुलांची फी किती भरली, याची पावत्यांसह जुळवाजुळव सुरू होते. मी एक साधा लिपिक. पण बी.कॉम. झालेला असल्यामुळे शिपायापासून साहेबापर्यंत अनेक जण आपापले कागद घेऊन माझ्या टेबलाशी येतात. संध्याकाळी वस्तीतही कोणी ना कोणी पिशवी घेऊन दारात उभा असतो.

या सगळ्यांत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "भाऊसाहेब, पोरगा पदवीधर झाला, पण नोकरी नाही. त्याचं खाणंपिणं, परीक्षेची फी, पुण्यातल्या खोलीचं भाडं, सगळं माझ्याच पगारातून जातं. मग तो माझ्यावर अवलंबून आहे असं दाखवून आयकरात सूट मिळत नाही का?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या अनेक घरांत बाप हा पहिला पगारदार आणि मूल हे पहिले पदवीधर. पदवीचा कागद हातात आला म्हणून खर्च थांबत नाही, उलट वाढतो. पण या प्रश्नाचे खरे उत्तर माहीत नसल्यामुळे माणसे कशी फसतात, हे मी गेल्या वर्षी अगदी जवळून पाहिले. म्हणून हा लेख.

मामांची गोष्ट

आमच्या कचेरीत एक शिपाई आहेत. नोकरी तीस वर्षांची. सगळे त्यांना मामा म्हणतात. मुळचे भोकरदन तालुक्यातले. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पण मुलाला इंजिनिअर केला. त्यासाठी बँकेतून शैक्षणिक कर्ज काढले, त्यात मुलाबरोबर मामाही कर्जदार. २०२१ साली मुलगा पास झाला. त्यानंतर वर्षभराने, २०२२ मध्ये, कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि ते मामांच्या खात्यातून कटू लागले. मुलगा मात्र घरीच होता.

२०२३ च्या उन्हाळ्यात मामांना कोणीतरी एका एजंटाकडे नेले. तो म्हणाला, "पगारातून कापलेला सगळा कर परत आणून देतो. पोरगा तुमच्यावरच अवलंबून आहे ना? मग झालं तर." मामांनी फॉर्म नंबर १६ आणि पासवर्ड त्याच्या हवाली केला. महिन्याभरात खात्यात १६,६४० रुपये जमा झाले. एजंटाने त्यातले तीन हजार घेतले. मामांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मला वाईट वाटले ते एवढेच, की मामा माझ्याकडे न येता बाहेर गेले. मीही विचारले नाही. ती माझी चूक.

दोन वर्षांनी, २०२५ च्या उन्हाळ्यात, मामांच्या मोबाईलवर आयकर विभागाचा संदेश आला. तुम्ही घेतलेली वजावट तपासा, चुकीची असेल तर विवरण दुरुस्त करा, असा त्याचा आशय. मामांनी तो मुलाला वाचायला दिला. मुलाने संगणकावर जुने विवरणपत्र उघडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आबा, आपल्या घरात दिव्यांग कोण आहे?"

एजंटाने काय केले होते, ते तेव्हा कळले. पदवीधर, बेकार, पण धडधाकट मुलासाठी कायद्यात कसलीच सूट नाही. म्हणून त्याने दिव्यांग अवलंबितासाठी असलेली कलम ८०डीडीची ७५,००० रुपयांची वजावट टाकून दिली होती. ज्या मुलासाठी मामांनी पोटाला चिमटा घेतला, तो कागदावर दिव्यांग झाला होता.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "भाऊसाहेब, मी चोरी केली का हो?" मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हटले, "मामा, घरी जेवढे कागद असतील तेवढे सगळे घेऊन या."

पेटीतला दाखला

मामांनी आणलेल्या कागदांत बँकेचा एक दाखला होता. २०२२–२३ या आर्थिक वर्षात शैक्षणिक कर्जावर २६,००० रुपये व्याज भरल्याचा. दोन वर्षे तो पेटीत पडून होता. मी हिशेब मांडला.

मामांचे त्या वर्षाचे वेतन ७,२०,००० रुपये. त्यातून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले. निर्वाह निधी व विमा मिळून कलम ८०सी खाली १,५०,००० गेले. उरले ५,१७,५००. त्या वेळच्या जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होत असे. पाच लाखांच्या वर एक पाऊल टाकले की अडीच लाखांपासूनचा पूर्ण कर लागे. मामा केवळ १७,५०० रुपयांनी पुढे गेले होते. त्यामुळे १६,००० कर आणि ६४० उपकर, असे १६,६४० रुपये कापले गेले.

आता शैक्षणिक कर्जाचे २६,००० रुपये व्याज कलम ८०ई खाली वजा करा. उरतात ४,९१,५००. कर शून्य. म्हणजे जे पैसे एजंटाने खोटे बोलून आणून दिले, तेवढेच पैसे खरे बोलूनही मामांना मिळाले असते. त्यासाठी लागणारा कागद त्यांच्याच घरात होता.

पण वेळ गेलेली होती. त्या वर्षाचे विवरण साध्या रीतीने सुधारण्याची मुदत संपली होती. उरले होते अद्ययावत विवरणपत्र, आणि ते कर वाढत असेल तरच भरता येते. आम्ही जालन्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घेतला. खोटी वजावट काढून टाकली. मूळ कर, त्यावरचे व्याज आणि या दोन्हींच्या पन्नास टक्के जादा रक्कम, असा भरणा मामांनी केला. तोपर्यंत मुलाला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत काम लागले होते. त्यानेच निम्मे पैसे दिले. एजंटाचा फोन लागला नाही.

मामा एकटे नव्हते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा एजंटांवर तपासणीची मोठी कारवाई केली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा सांगितले. खोटी माहिती देऊन कर चुकवल्याचे सिद्ध झाल्यास चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. मामा दंडापर्यंत गेले नाहीत, एवढेच समाधान.

मुलामागे सूट का नाही?

आपल्या देशात कधीकाळी कुटुंब पाहून आयकर ठरत असे. १९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांना २,००० आणि अविवाहितांना १,००० रुपये अशी वेगवेगळी करमुक्त मर्यादा ठेवली. पुढे दोनतीन वर्षांत त्यात मुलेही आली. एक मूल असेल तर ३,३०० आणि अधिक मुले असतील तर ३,६०० रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त, अशी ती व्यवस्था होती. नंतर ती गेली. आज कर माणसागणिक आहे. घरात खाणारी तोंडे किती, हे तो विचारत नाही.

मग लोकांच्या मनात हा प्रश्न येतो कुठून? काही अंशी परदेशातून. आपली काही मुले अमेरिकेत आहेत, आणि तिकडच्या गोष्टी फोनवरून इकडे येतात. तिथे मूल अवलंबित म्हणून दाखवता येते. १९ वर्षांखालील, किंवा वर्षात किमान पाच महिने पूर्णवेळ शिकत असेल तर २४ वर्षांखालील मूल त्यात बसते. त्यामुळे मे महिन्यात पदवी घेतलेले मूलही त्या वर्षापुरते आईबापांच्या विवरणात येऊ शकते. मात्र स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भार त्याने स्वतः उचललेला नसावा. तो तिकडचा नियम आहे. तो ऐकून इकडचे विवरण भरू नये.

आपल्याकडचा नियम एका वाक्यात सांगतो. मूल असण्याबद्दल वजावट नाही; मुलासाठी ठरावीक ठिकाणी, ठरावीक कारणाने भरलेल्या पैशाबद्दल आहे. हे एकदा मनात पक्के केले की बाकीचे सोपे होते.

पदवीनंतर काय संपते?

पहिली संपते ती शिक्षण शुल्काची वजावट. कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंत, देशातल्या शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठातील पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क मिळते, पण ते दीड लाखांच्या एकूण मर्यादेत. त्यातही फक्त शिकवणी शुल्क. विकास निधी, देणगी, वसतिगृह, खाणावळ नाही. ज्या आर्थिक वर्षात शेवटची फी भरली, ते तिचे शेवटचे वर्ष. मूल पुढे एम.ए., एम.कॉम. पूर्णवेळ करीत असेल तर ती चालू राहते. मात्र स्पर्धा परीक्षेचे क्लासेस, अभ्यासिका, पुण्यातली कॉट बेसिस खोली, यांतले काहीही या कलमात बसत नाही. क्लासची पावती कितीही मोठी असो.

आपल्या घरांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपमधून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते. जे शुल्क समाजकल्याण खात्याने भरले, ते बापाने भरलेले नसते. महाविद्यालयाने पूर्ण फीचा छापील तक्ता दिला म्हणून तो जसाच्या तसा कचेरीत जोडू नये. आपल्या खिशातून गेलेली रक्कम तेवढीच दाखवावी.

पदवीनंतर काय सुरू होते?

सुरू होते ती शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट. बहुतेक बँकांत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्त्यांना सवलत असते. म्हणजे मूल पदवीधर झाल्यावर जेव्हा फीची वजावट संपते, साधारण तेव्हाच हप्त्यांची पाळी येते. मामांचे नेमके तसेच झाले होते. या कलमाच्या अटी अशा:

१. कर्ज बँकेचे, वित्तीय संस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे. नातेवाइकाकडून, सावकाराकडून किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेतून उचललेले चालत नाही.

२. कर्ज स्वतःच्या, पती-पत्नीच्या किंवा मुलांच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी घेतलेले असावे. व्यवसाय शिक्षणही चालते.

३. वजावट घेणाऱ्याचे नाव कर्जात असावे आणि व्याज त्याने स्वतःच्या उत्पन्नातून भरलेले असावे. मूल हप्ते भरू लागले की ती वजावट त्याची.

४. फक्त व्याज मिळते, मुद्दल नाही. व्याजाला रकमेची मर्यादा नाही.

५. व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष आणि पुढची सात, अशी जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते.

दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत जाऊन व्याजाचा वेगळा दाखला मागून घ्यावा. २०२५ पासून विवरणपत्रात बँकेचे नाव, कर्ज खात्याचा क्रमांक असा तपशीलही भरावा लागतो. नुसता आकडा टाकून भागत नाही.

आरोग्य विम्याच्या कलमात, म्हणजे ८०डी मध्ये, 'अवलंबित मुले' हा शब्द खरोखरच आहे. मूल कमावत नसेल तर त्याच्या विम्याचा हप्ता बापाच्या २५,००० च्या मर्यादेत धरता येतो. मात्र विमा कंपन्या कुटुंबाच्या पॉलिसीत मुलाला साधारण पंचविशीपर्यंतच ठेवतात. ते आधी विचारून घ्यावे.

आणि कलम ८०डीडी? ते ज्यांच्यासाठी आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. घरात किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेले मूल आपल्यावर अवलंबून असेल, तर त्याचे वय कितीही असो, ७५,००० आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अशी लेकरे सांभाळणाऱ्या आयाबापांचे कष्ट मी वस्तीत पाहतो. त्यांच्या नावावरची सूट धडधाकट माणसाने उचलावी, याची मला जास्त लाज वाटते.

एकच मुलगा, वेगवेगळे कायदे

गोंधळाचे आणखी एक कारण म्हणजे 'अवलंबित' हा शब्द प्रत्येक कायद्यात वेगळा अर्थ घेऊन येतो. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या ज्या कामगारांना राज्य कामगार विमा लागू आहे, त्यांच्या योजनेत पूर्णपणे अवलंबून असलेले मूल शिकत असेल तर २१ वर्षांपर्यंत कुटुंबात धरतात. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनात सर्वसाधारणपणे २५ वर्षांची मर्यादा आहे. शिष्यवृत्तीत आईबापांचे उत्पन्न मोजतात. म्हणून एका कचेरीत मूल 'अवलंबित' ठरले की दुसरीकडेही ठरेल, असे समजू नये. आयकरात तर अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल स्वतंत्र करदाता. त्याचे उत्पन्न बापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. बापाने त्याला खर्चासाठी पाठवलेल्या पैशावर मुलाला कर नाही, पण बापाला वजावटही नाही.

आता सूट लागते तरी किती जणांना?

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचे. २०२३–२४ पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धत झाली आहे. जुनी हवी असेल तर ती सांगून निवडावी लागते. नव्या पद्धतीत शिक्षण शुल्क, कर्जाचे व्याज, आरोग्य विमा, दिव्यांग अवलंबित, यांपैकी कशाचीही वजावट नाही. पण २०२५–२६ या आर्थिक वर्षासाठी तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पगारदाराला कर नाही. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पगार पावणेतेरा लाखांपर्यंत.

मामांचे या वर्षाचे वेतन ८,४०,००० धरले तर नव्या पद्धतीत कर शून्य. जुन्या पद्धतीत ८०सीचे दीड लाख आणि कर्जाचे ३०,००० रुपये व्याज वजा करूनही ३५,३६० रुपये भरावे लागतील. म्हणजे ज्या सुटीसाठी माणसे एजंटाचे उंबरे झिजवतात, तिची आपल्यापैकी बहुतेकांना आता गरजच राहिलेली नाही. पगार त्याहून मोठा असेल, घरकर्ज असेल, तर दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी इथे दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्यातले, लोकांच्या तोंडी असलेले आहेत.

माझी सर्व नोकरदार बांधवांना आणि भगिनींना विनंती आहे. आपल्या आयकर खात्याचा पासवर्ड कोणाला देऊ नका. दुसऱ्याकडून विवरण भरून घेतले तरी त्याची प्रत घ्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून ती वाचून घ्या. पदवी मिळताच मुलाचे पॅन काढा, त्याच्या नावाचे खाते चालू ठेवा, पहिल्या पगारापासून त्याचे विवरण त्यालाच भरू द्या.

मामांच्या घरी आता तसेच चालते. मुलाने एक जाड फाईल आणली आहे. तिच्यात कर्जाचे दाखले, फीच्या पावत्या, फॉर्म नंबर १६, सगळे वर्षवार लावले आहे. गेल्या विवरणाच्या वेळी मामा ती फाईल घेऊन माझ्याकडे आले. मी उघडायला लागलो, तर म्हणाले, "बघायची गरज नाही भाऊसाहेब. पोरानं भरलंय, मला वाचून दाखवलंय. तुम्ही फक्त चहा घ्या."